"माझं बोलणं कापून दाखवलं!" म्हणजे नक्की काय केलं?

कुणाची मुलाखत गाजली की दुसऱ्या दिवशी एक वाक्य ठरलेलं असतं, "माझं बोलणं तोडूनमोडून दाखवलं." आणि समोरून उत्तरही ठरलेलं, "आम्ही एक शब्दही बदललेला नाही." गंमत म्हणजे बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात. एकही शब्द न बदलता अर्थ पार उलटा करता येतो आणि निम्मे शब्द उडवून अर्थ जसाच्या तसा ठेवताही येतो. मी डॉक्युमेंटरी एडिट करतो, त्यामुळे असा वाद पेटला की ओळखीपाळखीचे लोक मलाच धरतात, खरं सांग, आत बसून तुम्ही लोक करता तरी काय. तर सांगतो.

अलीकडचे दोन गाजलेले किस्से घेऊ. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत कमला हॅरिस यांची सीबीएसच्या '६० मिनिट्स'मध्ये मुलाखत झाली. एकाच प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा चॅनेलच्या दुसऱ्या कार्यक्रमात लागला आणि नंतर मुख्य कार्यक्रमात त्याच उत्तराचा वेगळाच तुकडा. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून बघितले आणि बोंब झाली. ट्रम्प कोर्टात गेले. पूर्ण उतारा (म्हणजे मुलाखत शब्दशः लिहून काढलेली) बाहेर आला तर दोन्ही तुकडे खरोखर त्याच उत्तरातले निघाले, तरीही जुलै २०२५ मध्ये सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटने १ कोटी ६० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, माफी मात्र मागितली नाही. दुसरा किस्सा बीबीसीचा. त्यांच्या 'पॅनोरमा' या कार्यक्रमात ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातले, ५० मिनिटांहून जास्त अंतरावरचे दोन तुकडे असे जोडले की ते एका दमात बोलल्यासारखे वाटले. त्यावरून नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीचे महासंचालक आणि न्यूज विभागाच्या प्रमुख, दोघांनी राजीनामे दिले. ती मुलाखत नव्हती, भाषण होतं, पण कात्री तीच.

माझ्या मते ही दोन प्रकरणं एका पारड्यात घालण्यासारखी नाहीत. का नाहीत ते कळायला कात्री चालते कशी हे आधी बघावं लागेल.

कापाकापी तर तुम्हीही करता

ऑफिसात तासभर भांडण झालं आणि घरी येऊन तुम्ही ते दोन मिनिटांत सांगितलं, तर तुम्ही एडिटच केलंत. मधली "हो का, बरं, बघू" सगळी गाळलीत, तिसऱ्याने मध्येच विचारलेला प्रिंटरचा प्रश्न गाळलात, आणि साहेब जे शेवटी बोलले ते आधी सांगितलंत कारण त्याशिवाय गोष्टीत मजा येत नव्हती. याला घरचे खोटं म्हणत नाहीत. पण तुम्ही साहेबांना काय बोललात तेवढंच सोयीस्करपणे गाळलंत तर मात्र ते खोटंच, मग बाकीचा शब्द न् शब्द खरा का असेना.

डॉक्युमेंटरीचं असंच असतं, फक्त हिशोब मोठा. दीड तासाची मुलाखत घेतली की फिल्ममध्ये त्यातली चार-पाच मिनिटं लागली तरी खूप झालं. क्लोद लांझमान यांची 'शोआ' ही १९८५ ची डॉक्युमेंटरी साडेनऊ तासांची आहे, बघताना वाटतं की या माणसाने काहीच कापलेलं नसणार, पण तिच्यासाठी शूट केलं होतं जवळपास ३५० तास. म्हणजे साडेनऊ तास दाखवूनही शंभरातला सत्त्याण्णव भाग बाहेरच राहिला. त्यामुळे "कापलं का?" हा प्रश्न विचारण्यात अर्थच नाही, कापलेलंच असतं. कापल्यावर माणूस तोच राहिला का, एवढंच विचारायचं.

अर्धी कात्री शूटच्या दिवशीच चालते

लोकांना वाटतं एडिटिंग म्हणजे कम्प्युटरसमोर बसल्यावरचं काम. खरं तर मुलाखत घेताना केलेली प्रत्येक चूक नंतर एडिटरला झाकावी लागते, आणि झाकपाक वाढली की अर्थ हलायची शक्यताही वाढते. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, प्रश्न. विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक फिल्ममधून काढून टाकतात. आता तुम्ही विचारलंत "तेव्हा भीती वाटली का?" आणि समोरचा म्हणाला "हो, खूप," तर नंतर माझ्या हातात उरतं फक्त "हो, खूप." कशाला हो, कशाचं खूप? मग एडिटर दुसरीकडून वाक्य शोधून आणून याला चिकटवायला लागतो, आणि लफडी इथूनच सुरू होतात. म्हणून शहाणा माणूस "त्या रात्रीचं सांगा ना" असं विचारतो आणि मग गप्प बसतो. गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड स्किल आहे, मला अजून जमत नाही, माझ्या जुन्या फुटेजमध्ये लोकांच्या निम्म्या वाक्यांवर माझं "हं हं, बरोबर" ऐकू येतं आणि ते काढता काढता घाम फुटतो.

दुसरी गोष्ट, आवाज. चित्र थोडं खराब असेल तर लोक चालवून घेतात, आवाज खराब असेल तर बंद करून टाकतात. कॉलरला छोटा माईक लावतात, शिवाय एक माईक डोक्याच्या वर, फ्रेमच्या जरा बाहेर टांगतात, एकाने दगा दिला तर दुसरा असतो. पण खरा शत्रू म्हणजे खोली. फ्रिज, पंखा, एसी, घड्याळ. शूट करताना कानाला ते जाणवतही नाहीत, कारण मेंदू त्यांना बाजूला सारतो. पण उत्तराचा अर्धा भाग फ्रिज चालू असताना आणि अर्धा फ्रिज थांबल्यावर घेतलेला असला, की दोन्ही जोडताना "घुंऽऽ" मधेच तुटतं आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की इथे काहीतरी केलंय. म्हणून फ्रिज बंद करतात, आणि निघताना चालू करायला विसरू नये म्हणून आपल्याच गाडीची किल्ली आत ठेवतात. जुनी युक्ती आहे, मी ती एकदा नाही वापरली आणि त्या घरातल्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. घड्याळ तर शक्यतो खोलीबाहेरच नेऊन ठेवतात. एकदा मात्र एका भिंतीवर ते इतकं उंच होतं की कुणाचाच हात पोचला नाही, तसंच राहू दिलं. त्या मुलाखतीबद्दल पुढे येईलच.

आणि मुलाखतीच्या आधी नाहीतर शेवटी सगळ्यांनी हूं की चूं न करता अर्धा-एक मिनिट बसायचं, माईक चालू ठेवून. याला रूम टोन म्हणतात, म्हणजे त्या खोलीची स्वतःची शांतता. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. नंतर दोन वाक्यांमध्ये फट पडली की तिथे हीच शांतता भरायची, दुसरी कुठली भरली तर ठिगळ दिसतं. हे मिनिट लक्षात ठेवा, याच मिनिटावरून एक मोठं प्रकरण झालंय.

नजर, उजेड वगैरे थोडक्यात. विचारणारा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसतो म्हणजे बोलणारा थोडा बाजूला बघतोय असं दिसतं. डॉक्युमेंटरी दिग्दर्शक एरल मॉरिस यांनी टेलिप्रॉम्प्टरच्या काचेचा (बातम्या वाचणाऱ्याला लेन्ससमोरच मजकूर दाखवते ती) वापर करून अशी सोय केली की बोलणाऱ्याला लेन्सच्या जागी विचारणाऱ्याचा चेहरा दिसतो, त्यामुळे तो थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत बघतो. आणि खिडकीतल्या उन्हावर कधी भरवसा ठेवू नये, कारण सकाळचं आणि दुपारचं वाक्य जोडलं की गालावरची सावली टुणकन उडी मारते.

एक उत्तर, तीन प्रकारे

आता प्रत्यक्ष कापून बघू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एका फिल्मसाठी एका निवृत्त शिक्षकांशी बोललो होतो. त्यांची शाळा बंद करायच्या कागदावर शिक्षकांच्याच सह्या घेतल्या होत्या. सहीबद्दल विचारल्यावर ते जे बोलले ते साधारण असं:

"सही... हो, सही मी केली. म्हणजे सगळ्यांनीच केली, पण... मीही केली. तेव्हा ना, काय झालं, वरून कागद आला आणि दुसऱ्याच दिवशी परत पाठवायचा होता. पर्याय नव्हता." इथे ते थांबले, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मग म्हणाले, "नाही, पर्याय होता. एक बाई होत्या आमच्याकडे, त्यांनी नाही केली. त्यांचं काही वाकडं झालं नाही."

कट पहिला: "सही मी केली. सगळ्यांनीच केली. वरून कागद आला आणि दुसऱ्याच दिवशी परत पाठवायचा होता. पर्याय नव्हता." झालं, बिचारा माणूस, व्यवस्थेपुढे काय करणार. एकही शब्द माझा नाही.

कट दुसरा: "सही मी केली. पर्याय होता. एक बाई होत्या आमच्याकडे, त्यांनी नाही केली. त्यांचं काही वाकडं झालं नाही." आता तोच माणूस निगरगट्ट वाटायला लागला, जणू सगळं माहीत असून केलं आणि वर थंडपणे सांगतोय. याही वेळी एकही शब्द माझा नाही.

कट तिसरा: "सही मी केली. सगळ्यांनीच केली, पण मीही केली. वरून कागद आला आणि दुसऱ्याच दिवशी परत पाठवायचा होता. पर्याय नव्हता." चष्मा. "नाही, पर्याय होता. एक बाई होत्या आमच्याकडे, त्यांनी नाही केली. त्यांचं काही वाकडं झालं नाही."

तिसऱ्यातही मी कापलंय. "म्हणजे", "तेव्हा ना, काय झालं" आणि सुरुवातीचं अडखळणं गेलं. ते जाऊ दे, माणूस बोलताना अडखळतोच, लिहून काढलेलं आपलंच बोलणं वाचलं तर आपल्याला लाज वाटेल. पण "नाही, पर्याय होता" मधला "नाही" गेला असता तर सगळंच गेलं असतं. तो शब्द ते मला उद्देशून बोललेच नव्हते, स्वतःलाच म्हणाले होते.

जोड लपवतात कसा

कापलं की चित्रात झटका बसतो. मान डावीकडे होती ती अचानक उजवीकडे जाते, हात मांडीवर होता तो हवेत दिसतो. याला जंप कट म्हणतात. यूट्यूबवर लोक बिनधास्त ठेवतात आणि प्रेक्षकालाही सवय झालीय. डॉक्युमेंटरीत मात्र तो शक्यतो झाकतात, आणि झाकायचं काम म्हणजे निव्वळ रफू, धागा त्याच कापडाचा असला तर भोक कुठे होतं ते कळतही नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बोलणं चालू ठेवायचं आणि वर दुसरं चित्र टाकायचं, त्यांचे हात, भिंतीवरचा फोटो, रिकामा वर्ग. याला कटअवे म्हणतात. एवढं वाचल्यावर तुम्ही कुठलीही डॉक्युमेंटरी बघाल तेव्हा बोलणाऱ्याच्या हातांचा क्लोजअप आला की ओळखाल, इथे बहुतेक काहीतरी कापलंय. दुसरा उपाय दोन कॅमेरे, एक लांबून आणि एक जवळून. त्यांच्या जागांमध्ये किमान ३० अंशांचा फरक ठेवतात, नाहीतर बदल जाणवत नाही, नुसता झटकाच जाणवतो. आणि एकच कॅमेरा असेल तर फोर के मध्ये, म्हणजे फुल एचडीच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच चित्रात शूट करायचं. फिल्म फुल एचडीत जाणार असेल तर चित्र दुप्पट मोठं करूनही ते फाटत नाही, त्यामुळे एकाच फ्रेममधून लांबचा आणि जवळचा असे दोन शॉट काढता येतात. गरिबाचा दुसरा कॅमेरा!

आवाजातही रफू असतं. दोन वेगवेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून तिसरं वाक्य बनवतात, अर्धं इथलं, अर्धं तिथलं. इंडस्ट्रीत याला फ्रँकेनबाईट म्हणतात, फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसासारखं, अवयव वेगवेगळ्या देहांचे. रिॲलिटी शोमध्ये हे सर्रास चालतं. डॉक्युमेंटरीतही थोडंफार होतं आणि मी केलेलं नाही असं म्हणणार नाही. "तिथे" हा शब्द नीट ऐकू येत नव्हता म्हणून त्यांच्याच दुसऱ्या वाक्यातला "तिथे" आणून बसवलाय मी. पण "तिथे" बदलणं वेगळं आणि मत बदलणं वेगळं.

आता सुरुवातीची दोन प्रकरणं परत बघा. '६० मिनिट्स'ने एका लांब उत्तरातला कुठला भाग ठेवायचा हे निवडलं. निवड चांगली की वाईट यावर भांडा, पण ते रोजचंच काम आहे. 'पॅनोरमा'ने मधली ५० मिनिटं गिळून दोन टोकं एकमेकांना शिवली आणि शिवण दिसू दिली नाही. निवड आणि जोड यात फरक आहे, आणि प्रेक्षकाला फसवायची ताकद जोडात कितीतरी जास्त.

शांतता पण एडिट करतात?

हो, आणि हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मघाशी म्हटलं ते प्रकरण हेच. २०१६ साली अमेरिकेत बंदुकांच्या प्रश्नावर 'अंडर द गन' नावाची डॉक्युमेंटरी आली. त्यात पत्रकार केटी कूरिक बंदूक बाळगण्याच्या बाजूच्या एका गटाला विचारतात की खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासलीच नाही तर गुन्हेगारांना आणि दहशतवाद्यांना बंदूक घेण्यापासून कसं थांबवणार? आणि पडद्यावर काय दिसतं, तर सगळे गप्प. आठ-नऊ सेकंद कुणी बोलत नाही, कुणी खाली बघतंय. म्हणजे यांच्याकडे उत्तरच नाही!

पण त्या गटातल्या एकाने स्वतःकडे आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. त्यात प्रश्न संपल्या संपल्या लोक उत्तर द्यायला लागलेले ऐकू येतात. मग ती शांतता आली कुठून? मुलाखतीआधी तांत्रिक जुळवाजुळव चालू असताना सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं होतं, तेव्हाचं ते फुटेज. म्हणजे आपण रूम टोनसाठी बसवतो ना, तसंच. कूरिक यांनी नंतर खेद व्यक्त केला. गटाने बदनामीचा दावा केला तो मात्र कोर्टात टिकला नाही, २०१८ मध्ये अपिलातही नाही. कायद्याने सुटले असतील, पण मला ते फुटेज आठवलं की आजही कसंतरी होतं, कारण रूम टोनसाठी गप्प बसलेला माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून गप्प बसलेला असतो.

उलटंही होतं. कुणी उत्तराआधी सात सेकंद विचार केला आणि एडिटरने ते सात सेकंद उडवले, तर तोच माणूस हजरजबाबी वाटतो.

"मग अख्खी मुलाखत टाका ना नेटवर, विषय संपला"

हे हमखास विचारतात, आणि सूचना वाईट नाही. राजकारण्यांच्या मुलाखतीचा पूर्ण उतारा द्यायलाच हवा, '६० मिनिट्स'चा वाद निदान तेवढ्यापुरता तरी उताऱ्यामुळे उलगडला. पण साध्या माणसाच्या बाबतीत गडबड आहे. दीड तासात माणूस बोलता बोलता भावाच्या कर्जाबद्दल बोलतो, शेजाऱ्याच्या आजाराबद्दल बोलतो, "हे घेऊ नका हं" म्हणून काहीतरी सांगतो. ते सगळं जगासमोर टाकणं हा प्रामाणिकपणा नाही. शिवाय अख्खी मुलाखतसुद्धा निवडच असते, प्रश्न कुणी निवडले, कॅमेरा कधी चालू केला आणि कधी बंद?

"आता तर एआय वाक्यंच बनवतं, मग कात्रीचं काय घेऊन बसलात"

खरंय, काळजीची गोष्ट आहे. २०२१ मध्ये टीव्हीवर गाजलेले अमेरिकन शेफ अँथनी बोर्डेन यांच्यावरची 'रोडरनर' ही डॉक्युमेंटरी आली. बोर्डेन २०१८ मध्ये गेले होते. फिल्ममध्ये त्यांच्या आवाजातलं साधारण ४५ सेकंदांचं बोलणं एआयने बनवलेलं होतं, आणि हे कळलं ते दिग्दर्शकाने मुलाखतींमध्ये सांगितलं तेव्हा. शब्द बोर्डेन यांनीच लिहिलेले होते, फक्त ते त्यांनी कधी मोठ्याने म्हटले नव्हते. तरी लोक चिडले, आणि मला वाटतं बरोबर चिडले, कारण लिहिलेलं आणि बोललेलं एक नसतं. तेच शब्द पत्रातले म्हणून पडद्यावर दाखवले असते तर कुणाची तक्रार नव्हती.

ज्याची मुलाखत, त्याला आधी दाखवायची का?

यावर आमच्यातच दोन तट आहेत. बातमीच्या जगात साधारणपणे नाही दाखवत, कारण मंत्र्याला दाखवलं की तो अडचणीचं तेवढं काढायला लावणार. डॉक्युमेंटरीत, विशेषतः आयुष्यातलं दुखरं काही सांगणाऱ्या माणसाला, बरेच जण दाखवतात. मी दाखवतो. शेवटचा शब्द माझा हे आधी सांगून, पण दाखवतो.

त्या शिक्षकांना तिसरा कट दाखवायला बोलावलं होतं. मला वाटलं ते "पर्याय होता" काढा म्हणणार. ते म्हणाले, "त्या बाईंचं नाव मी घेतलं नाहीये ना?" नव्हतं घेतलं. "मग हरकत नाही. फक्त तो चष्मा पुसतोय तेवढं बघा, रडल्यासारखं वाटतंय. मी रडत नव्हतो."

नव्हतेच रडत. पण चष्मा पुसण्याचा तुकडा कापला तर "पर्याय नव्हता" आणि "नाही, पर्याय होता" एकमेकांना चिकटतात आणि जीभ घसरल्यासारखं वाटतं. मी त्यांना दोन्ही करून दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं, मग म्हणाले, "राहू दे. पण जरा कमी करता येईल का?"

नऊ सेकंद होते, त्याचे पाच केले. जोड दिसू नये म्हणून मधे दुसऱ्या कॅमेऱ्यावर गेलो. आणि भिंतीवरचं ते घड्याळ, हात न पोचलेलं, सेकंदाला एकदा टिक करत होतं, त्याचा ठेका चुकू नये म्हणून बरोब्बर चार सेकंद काढले, कमी नाही जास्त नाही.